चॉकलेटं बंद, चिंचोके सुरू

गेल्या आठवड्यात मैत्रिणीचा फोन आला, ती नुकतीच जिल्हा परिषदेच्या शाळेत लागलीये, म्हणे अगं पोरांना बक्षिसं देता देता या महिन्यात पाचशे रुपये गेले, तू काय करतेस? तिला सांगत बसले आणि इकडे गॅसवरचं दूध उतू गेलं, म्हणून म्हटलं आता लिहूनच टाकते, सगळ्यांच्याच कामाला येईल.

तर हे मी पण केलंय. पहिली दोन वर्षं. टेबलावर बरणी आणि बरणीत एक रुपयावाली चॉकलेटं, पाढा म्हटला की एक, गृहपाठ पूर्ण असला की एक. छडी तर शाळेतून कधीच गेली, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शारीरिक शिक्षेवर बंदीच आहे आणि ते बरंच झालं, पण त्यामुळे आमच्यासारख्यांची सगळी भिस्त बक्षिसावर. पहिला आठवडा वर्ग असा चालला की मला वाटलं आता आदर्श शिक्षक पुरस्कार कुठं जात नाही. मग एक दिवस फळ्यावर भागाकार लिहिला आणि मागच्या ओळीतून आवाज आला, "बाई, ह्याला किती?" मला वाटलं पोरगा उत्तर विचारतोय. तो चॉकलेटं विचारत होता. बरणी संपली त्या दिवशी तर सरळ "मग आज नको" म्हणून वही मिटली पठ्ठ्याने.

पण मला जास्त लागलं ते एका मुलीचं. ती मधल्या सुट्टीत वाचनपेटीतली गोष्टीची पुस्तकं काढून एकटीच कोपऱ्यात वाचत बसायची, कुणी न सांगता. मला काय अवदसा आठवली, मी जाहीर केलं की एक पुस्तक वाचलं की एक चॉकलेट. चार दिवसांत तिची पानं उलटायची स्पीड वाढली आणि पुस्तकं बारीक बारीक व्हायला लागली, जाड पुस्तकाला हातच लावेना. चॉकलेट बंद केल्यावर वाचनपण बंद. ते परत सुरू व्हायला दिवाळी उजाडली.

यावर अमेरिकेत १९७३ सालीच प्रयोग होऊन गेलाय हे मला नंतर कळलं. लेपर, ग्रीन आणि निसबेट अशी तिघांची नावं. बालवाडीतली पोरं, ज्यांना स्केचपेननं चित्रं काढायला मनापासून आवडायची, त्यातल्या काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंस की रिबीन लावलेलं सर्टिफिकेट मिळेल, काहींना चित्र झाल्यावर अचानक दिलं, काहींना काहीच नाही. एकदोन आठवड्यांनी परत स्केचपेनं समोर ठेवली तर आधी कबूल केलेली पोरं बाकीच्यांच्या निम्माच वेळ तिकडे फिरकली. अचानक मिळालेल्यांचं काही बिघडलं नव्हतं. म्हणजे घोळ बक्षिसात कमी आणि आधी सौदा करण्यात जास्त. आणि तोसुद्धा जे पोर आपणहून करतंय त्याचा. पाढे कुणी आपणहून म्हणत नाही, तिथं थोडा सौदा चालतो असं माझं मत, कुणाला पटो न पटो.

मग पैसे न लागणारं काय काय आहे ते बघायला लागले. सगळ्यात भारी निघाली घंटा. आमच्याकडे लिंबाला तारेनं रुळाचा तुकडा टांगलाय आणि वाजवायला एक लोखंडी गज. आमचा एक पोरगा रोज परिपाठ संपल्यावर उगवायचा, कारण शेळ्या सोडून यायचा. एकदा त्यानं वर्गातल्या लहान्याचं दप्तर ओढ्यातून डोक्यावर घेऊन आणलं, तर मी सहज म्हटलं, उद्या टोल तू दे. दुसऱ्या दिवशी कुलूप उघडायला गेले तर हा पायरीवर, केसांना तेल चोपडून. गज दोन्ही हातांनी धरला, डोळे मिटले आणि असा हाणला की वरची कबुतरं उडाली आणि तिसरीच्या वर्गातनं दोघं बाहेर पळत आले. द्यायचे होते नऊ, दिले अकरा. मी काही बोलले नाही. शेळ्या आता धाकटी बहीण सोडते असं ऐकलं, म्हणजे तो प्रश्न माझ्या वर्गातनं दुसरीच्या वर्गात सरकला एवढंच.

माझ्या खुर्चीवर बसून हजेरी घेणं हे पण पोरांना फार आवडतं, माझा चष्मा घालून. याच नादात एकदा केंद्रप्रमुख अचानक आले, मी मागं पोरांत मांडी घालून बसलेले आणि खुर्चीत आमची चौथीतली बाई. ती उठली नाही. चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाली, "बसा सर, हजेरी चालूये." ते बिचारे बसले पण.

चिठ्ठीचं मात्र जपून करा. मी कागदाच्या चतकोरावर चार ओळी लिहून घरी पाठवते, आज ह्याने भांडण सोडवलं, हिने नव्या मुलीला शेजारी बसवलं असं. पहिल्यांदा पाठवली तर एका मुलीची आई पिठाच्या हातानं पळत शाळेत. शाळेतनं चिठ्ठी म्हणजे तक्रार, एवढंच त्यांना माहीत. आता मी पोरांकडनं वर मोठ्या अक्षरात लिहून घेते, "घाबरू नका". त्या आईनं ती चिठ्ठी रेशन कार्डाच्या पिशवीत ठेवलीये, गावात कुणाकुणाला दाखवून झाली.

"आठवड्याचा हुशार विद्यार्थी" वाला फोटो बोर्डपण लावून बघितला, काढून टाकला. तीच ती चार पोरं, बाकीची तेवीस खालून बघणारी.

त्यापेक्षा सगळ्या वर्गाची मिळून एक बरणी बरी. चॉकलेटची रिकामी बरणी होतीच, त्यात आता चिंचोके पडतात. वर्ग स्वतःहून झाडून झाला, एखाद्याला अडलेलं दुसऱ्यानं समजावलं की एक चिंचोका, कधी देणार ते आधी सांगायचं नाही आणि टाकलेला परत काढायचा नाही. एकदा रागात मी काढला होता, तर ज्याच्यामुळे काढला त्याच्याशी पोरं दोन दिवस बोलेनात, त्याला माझीच चूक कारण. बरणी भरली की वर्ग ठरवेल ते, फक्त पैसे लागता कामा नयेत. पहिली बरणी तीन आठवडे चालेल असा माझा हिशोब होता, ती तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत काठोकाठ भरली. शाळेमागंच चिंच आहे हे माझ्या डोक्यातच नाही आलं! रागवायला तोंड उघडलं आणि हसूच फुटलं. आता प्रत्येक चिंचोक्यावर नेलपॉलिशचा लाल ठिपका असतो आणि नेलपॉलिश घरी कुलपात.

आधीच्या बरण्यांना झाडाखाली वर्ग, मग एक तास नुसती अंताक्षरी, असं मागून झालंय. परवा नवी भरली. यावेळी मतदान घेतलं त्यांनी, आणि ठरलं असं की शनिवारी सकाळच्या शाळेत बाईंनी खाली बसायचं आणि शिकवणार ते. गृहपाठ आजच मिळालाय, एकोणतीसचा पाढा, न बघता. सव्वीसपर्यंत येतात मला नीट, पुढचं जरा बघायला लागेल.