पीचला संत्र्याचा ताण

फेब्रुवारीचा पहिला आठवडा म्हणजे वरूड-मोर्शीकडे आंबिया बहाराचे, म्हणजे संत्रा फुलण्याचे दिवस. अशाच एका बागेतून बोलावणं आलं, पण संत्र्यासाठी नाही. काकाजींनी तीन वर्षांपूर्वी विहिरीकडच्या अर्ध्या एकरात पीच लावला होता. "संत्रा फुलला जी, हे काहून फुलत नाही?" एवढाच प्रश्न. फळबागांना सल्ला देणं हे माझं रोजचं काम, पण या तालुक्यात पीचसाठी कुणी बोलावेल असं वाटलं नव्हतं.

झाडं निरोगी होती. खोडं मनगटाएवढी, डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) नाही, खोडकिडा नाही. तरी चित्र विचित्र होतं. जुनी पानं अजून फांद्यांना लोंबत होती, शेंड्याकडे चार-दोन गुलाबी फुलं आणि मधली सगळी फांदी नुसती काठी. खाली तपकिरी टरफलांसारखं काही पसरलं होतं. उचलून पाहिलं तर गळालेले फुलडोळे, म्हणजे न उमललेले फुलांचे कोंब.

"पाणी कधी तोडलं?"

"डिसेंबरात, संत्र्यासंगंच. ताण चांगला बसला होता. पानं पार मलूल झाली होती."

घोळ इथेच होता. संत्र्याचं पाणी तोडलं, वर थंडी पडली की वाढ थांबते आणि त्या थांबलेल्या काळातच झाड फुलाची तयारी करतं. म्हणून तर काळ्या भारी जमिनीत ओल हटेपर्यंत जास्त दिवस ताण द्यावा लागतो. पीचचं तसं नाही. त्याचा फुलडोळा आदल्या पावसाळ्यातच घडायला लागतो आणि हिवाळ्यात झोपी जातो. ती झोप मोडते थंडीनं, तहानेनं नाही.

मी एक काडी कापून काकाजींच्या हातात दिली. पेऱ्यावर तीन डोळे होते. मधला टोकदार, तो पानाचा. दोन्ही बाजूंचे फुगीर, लवदार, ते फुलाचे. फुगीर डोळा ब्लेडनं उभा चिरला. आत हिरवट, ओला गाभा दिसायला हवा होता. दिसला काळपट, कोरडा ठिपका. पुढचे डोळे चिरले, बहुतेकांत तेच. काकाजी काही वेळ त्या काडीकडेच बघत राहिले.

एका झाडाला रोपाची चिठ्ठी अजून बांधलेली होती: 'जुलै एल्बर्टा'. हा हिमाचलच्या डोंगराचा वाण. त्याला ७.२ अंशांखालची थंडी साधारण ८०० तास लागते. रोपं विकणाऱ्यानं "तुमच्याकडची थंडी पुरते" असं छातीठोक सांगितलं होतं. असं कुणी सांगितलं की मला संताप येतो. रोपाचे पैसे एकवेळ सुटतील, तीन वर्षांचं ओलित कुठून परत येणार?

"थंडी तं पडते जी. नागपुरात साडेतीन अंश झालं होतं ना?"

झालं होतं, डिसेंबर २०१८ मध्ये. पण झाड एका रात्रीचा नीचांक बघत नाही, तास जमवत जातं. आपल्याकडे बहुतेक रात्री दहा-बारा अंशांच्या आसपास राहतात. त्यात जानेवारीतही दुपारी पारा अठ्ठावीसपर्यंत चढतो, आणि रात्री जमलेल्या थंडीचा काही भाग ते ऊन पुसून टाकतं. थंडी अपुरी राहिली की पानं वेळेवर गळत नाहीत, डोळे आतच मरतात, आणि उरलेले आज एक, पंधरा दिवसांनी दुसरा असे फुटतात. उशिरा फुललेल्याचं फळ मग आपल्या मे महिन्याच्या उन्हात सापडतं.

काकाजींना दुसरा उपाय सुचला. नाशिककडे द्राक्षाला छाटणीनंतर डोळे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइड लावतात, तेच मारलं तर? मी स्पष्ट नाही म्हणालो. थंडी थोडी कमी पडली असेल तर ते औषध उरलेली कसर भरून काढतं. शेकडो तासांची तूट भरत नाही, आणि वेळ चुकली तर जिवंत डोळेही जाळतं. ते हाताळणाऱ्या माणसालाही जपावं लागतं. त्या दिवसांत दारू पोटात गेली तर जिवावर बेतू शकतं. बागेत मजूर असतात, हे सांगणं भागच होतं.

कमी थंडीचे वाण आहेत. पंजाबच्या मैदानात शान-ए-पंजाब, अर्ली ग्रँड, फ्लोरडा प्रिन्स होतात. फ्लोरडा प्रिन्सला दीडशे तास पुरतात. पण आपल्या सपाटीवर दीडशेचीही खात्री देता येत नाही, हेही मी सांगितलं. चिखलदऱ्याच्या पठारावर प्रयोग करायला मला आवडेल. तिथली उंची हजार मीटरच्या वर आहे.

शेवटी असं ठरलं: ठिबक लगेच सुरू करायचं, विहिरीजवळची दोन झाडं ठेवायची आणि पुढच्या थंडीत त्यांवर फ्लोरडा प्रिन्सचं कलम करायचं. शेजारी सावलीत किमान-कमाल तापमापक टांगायचा आणि आकडे वहीत रोज उतरवायचे. वही काकूंनी मागून घेतली. उरलेली झाडं काढून पावसाळ्यात तिथे संत्राच लागेल. ज्यावर संत्र्याचं कलम बांधायचं तो खुंट रंगपूर लाइमचा की जंबेरीचा, यावर काकाजी आणि काकूंचं तिथेच जुंपलं. डिंक्याचा विचार करून मी रंगपूरच्या बाजूनं बोललो.