कापसाची परीक्षा

साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, अंगठीत हिरा असणं ही आमच्याकडची अलीकडची हौस. आधी सोन्याचं वेढं असायचं, फार तर वर एखादं फूल नाहीतर नावाचं इंग्रजी अक्षर. बोंडअळीनं कापूस खाल्ला की तीच अंगठी गहाण पडायची. सराफ वजन करायचा, पैसे मोजायचा, विषय संपला. हिऱ्याच्या अंगठीचं तसं नाही. मोडायला गेलं की सोन्याचा भाव मिळतो, हिऱ्याचे मात्र घेतले तेवढे पैसे परत येत नाहीत. मग ती घ्यायची ती बोटात घालायलाच. असं असूनही दुकानात चर्चा चालते ती किती सेंटचा (सेंट म्हणजे हिऱ्याच्या कॅरेट वजनाचा शंभरावा भाग) आणि कोणत्या प्रतीचा याचीच. हिरा बसवलाय कशात, हे शेवटी बिल होताना कोणीतरी विचारतं.

तसा हिरा या मातीला परका नाही. आमच्याच विदर्भातल्या वैरागडची हिऱ्याची खाण अकबराच्या काळी प्रसिद्ध होती. पण गडचिरोलीच्या त्या हिऱ्यांनी आमच्यासारख्यांची घरं कधी पाहिली नाहीत. आमच्यापर्यंत हिरा आला तो सुरतेत पैलू पाडून, आणि त्याआधी भाचीच्या मोबाइलवर.

भाची प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स आहे. होणाऱ्या जावयानं तिलाच सांगून टाकलं, ‘तुझी तू पसंत कर, मला फोटो पाठव.’ म्हणून सीतादही, म्हणजे वेचणीच्या सुरुवातीची वावरातली पूजा, आटोपल्यावर, पहिल्या वेच्याचा कापूस घरात आला तेव्हा, ती, मी आणि माझी आई अशा तिघी आर्वीला सराफाकडं गेलो. भाचीचं मन आधीच एका अंगठीवर बसलेलं: बारीक कडी, वर सहा नखं आणि त्या नखांवर उचलून धरलेला गोल हिरा. ही घडण न्यूयॉर्कच्या टिफनीनं 1886 मध्ये आणली आणि जगभर साखरपुड्याची अंगठी म्हटलं की तीच डोळ्यांपुढं येऊ लागली. आमच्या आईला हा इतिहास सांगून उपयोग नव्हता.

‘हे एवढं वर काहून उचलून ठेवलं जी?’

‘आजी, खालून उजेड जाते, चमक येते.’

‘दिवा हाय का तो, वर टांगाले?’

सराफ हसला, पण आईचा प्रश्न अगदीच अडाणी नव्हता. गोल हिऱ्याला ते सत्तावन्न-अठ्ठावन्न पैलू पाडतात ते याचसाठी, की वरून शिरलेला उजेड आत परतून पुन्हा वरूनच बाहेर यावा. त्याचे कोन कसे असावेत याचं गणित मार्सेल तोल्कोव्स्कीनं 1919 मध्ये मांडलं. कापणी चांगली असेल तर चारी बाजूंनी सोन्याची कड घातलेला, खाली बसवलेला हिराही झकास चमकतो. आणि दुकानातल्या चमकेवर जाऊच नये. काउंटरवर ते बारके दिवे लावलेले असतात, त्यांच्याखाली काहीही लखलखतं. मी अंगठी घेऊन सरळ दारात गेले, उन्हात बघितली, मग सावलीत बघितली. सराफाला ते फारसं आवडलं नाही.

खरी परीक्षा आईनं घेतली. देवळात जायचं म्हणून तिच्या पिशवीत वातींचा कापूस होता. त्यातला एक पुंजका काढून तिनं अंगठी त्यावरून अलगद ओढली. एका नखाला तंतू लटकले. दुसऱ्यांदा ओढली, पुन्हा त्याच नखाला. म्हणजे ते नख हिऱ्याला नीट टेकलेलं नव्हतं, टोक उचललेलं होतं. ‘पॉलिश बाकी आहे,’ असं सराफ म्हणाला. असेलही. पण जे नख वातीच्या कापसात अडकतं ते साडीच्या पदरात अडकेल आणि नर्सच्या रबरी हातमोज्याला तर भोकच पाडेल. रविवारी सासरच्या वावरात वेचणीला हात लावायचा म्हटलं तर बघायलाच नको.

‘कामाच्या वेळी काढून ठेवीन ना!’ भाची म्हणाली. अंगठ्या हरवतात त्या बहुतेक अशा काढून ठेवल्यावरच. हातपंपाच्या ओट्यावर, कणकेच्या परातीशेजारी, नाहीतर ड्यूटीच्या ॲप्रनच्या खिशात. काढून ठेवायची असेल तर तिची जागा आधी ठरलेली हवी, आणि ती जागा खिसा नको.

मग सोन्यावरून वाद झाला. आईला बावीस कॅरेटच हवं. सराफानं समजावलं, बावीस कॅरेट मऊ असतं, त्याची नखं वाकतात, हिरा बसवायला अठरा बरं. त्यावर 750 चा छाप येतो आणि सहा अक्षरी-आकडी हॉलमार्क क्रमांक. ‘म्हणजे चार आण्याचं सोनंच गायब!’ आई म्हणाली. हिशेब चोख होता, पण सराफाचंही खरं होतं. मला त्याचं पटलं नाही ते पांढऱ्या सोन्याचं कौतुक. त्याचा पांढरेपणा बहुतेक वेळा वरच्या ऱ्होडियमच्या मुलाम्याचा. तो झिजला की पुन्हा चढवायचा, आणि इथून त्यासाठी नागपूर-अमरावतीला कोण धावणार? आमच्या सावळ्या हातांना पिवळं सोनं शोभतं. शिवाय हिऱ्यात किंचित पिवळी झाक असली तर पिवळ्या कडीत ती लपते, आणि तसा हिरा स्वस्तही पडतो.

भाचीची बोटं आखूड आहेत. तिनं आधी दोन्ही टोकं निमुळती असलेला हिरा बोटावर ठेवून बघितला. बोट लांब दिसलं, ती खूश झाली. पण टोकं हीच हिऱ्याची नाजूक जागा. हिरा सगळ्यांत कठीण, मोसच्या मापावर पूर्ण दहा, त्याच्यावर ओरखडा उठत नाही. ठोका मात्र चुकीच्या दिशेनं बसला तर तो ठरावीक पातळीवर चिरतो. निमुळत्या टोकाला इंग्रजी व्हीच्या आकाराचं टोपण हवंच. त्यापेक्षा लांबट अंडाकृती बरा, बोट तेवढंच लांब दिसतं आणि धडकायला कोपरा नाही. भोवती बारीक हिऱ्यांची माळ असलेली अंगठीही सराफानं पुढं केली. ती मी हातातही घेतली नाही, त्यातला एक बारका खडा पडला तर आर्वीत बसवणार कोण?

शेवटी ठरलं ते असं: अंडाकृती हिरा, भोवती पातळ सोन्याची कड, बैठक खाली, पण मागची बाजू उघडी. ही उघडी बाजू मी हट्टानं मागितली. हिऱ्याला तेलतुपाचं भारी आकर्षण, खाणीत तर ग्रीस लावलेल्या पाटांवर हिरे चिकटवून खडीतून वेगळे काढत. फोडणीचं तेल हिऱ्याच्या पाठीवर बसलं की चमक गेली. पाठ उघडी असली म्हणजे कोमट साबणपाणी आणि मऊ ब्रशानं घरीच धुता येते. माप मात्र सराफाला थोडं सैल घ्यायला लावलं. डिसेंबरच्या थंडीतलं बोट आणि मे महिन्यातल्या पंचेचाळीस डिग्रीतलं बोट एक नसतं. तरी सांध्यावरून थोडी अडूनच उतरली पाहिजे, नाहीतर साबणाच्या हातानं गळून पडायची.

फोटो गेला, पसंती आली. आता त्याच्या अंगठीचं काय, असं आईनं विचारलं. तो लाइनमन. विजेच्या कामात बोटात धातू चालतच नाही.

‘मंग त्याले चांदीची घ्या,’ आई म्हणाली, ‘पेटीतच राहाची हाय त सोनं कायले पायजे?’