दीड मिनिटाच्या बातमीमागचे शिक्षण

पदवीचे निकाल लागू लागले की टीव्ही पत्रकारितेत येऊ पाहणारी मुले-मुली आणि त्यांचे पालक हमखास एक प्रश्न विचारतात. पदव्युत्तर अभ्यासक्रमावर एक-दोन वर्षे आणि बरेच पैसे खर्च करावेत, की थेट एखाद्या वाहिनीत उमेदवारी सुरू करावी? मी वृत्तवाहिनीच्या आउटपुट डेस्कवर, म्हणजे आलेल्या बातम्या प्रसारणासाठी तयार करणाऱ्या विभागात, काम केले आहे आणि आता पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांना बुलेटिन कसे उभे राहते ते शिकवते. माझे उत्तर असे, की अभ्यासक्रम जरूर करावा, पण जिथे तुमची बातमी एखादा जाणकार माणूस तुम्हाला शेजारी बसवून तपासतो, तिथेच करावा. माईक धरणे, टेलीप्रॉम्प्टर वाचणे, कॅमेऱ्यासमोर न अडखळता बोलणे या गोष्टी वाहिनीतही काही आठवड्यांत अंगवळणी पडतात. तिथे मिळत नाही तो वेळ. बातमी कुठे आणि का फसली, हे ती प्रसारित होण्याआधी शांतपणे समजावून सांगण्याचा वेळ.

हा वेळ पूर्वी थोडाफार होता. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले, तेव्हा मराठी बातम्यांचे प्रसारण दिवसातील ठरावीक वेळेपुरते होते. प्रदीप भिडे, अनंत भावे यांच्यासारख्या वृत्तनिवेदकांनी मराठी कानांना शुद्ध, संथ आणि नेमक्या उच्चारांची सवय लावली ती याच काळात. 2007 मध्ये ‘झी २४ तास’ आणि ‘स्टार माझा’ (आजचा ‘एबीपी माझा’), 2008 मध्ये ‘आयबीएन लोकमत’ अशा चोवीस तासांच्या मराठी वाहिन्या आल्या. त्यांत वर्तमानपत्रांतून आलेले अनेक पत्रकार होते आणि त्यांनी नव्या मुलांना कामाच्या ओघात शिकवले. आता दर अर्ध्या तासाला रनडाऊन (बुलेटिनमधल्या बातम्यांची क्रमवारी) बदलतो, टिकर (पडद्याच्या तळाशी सरकणारी बातम्यांची पट्टी) सतत धावत असतो, आणि टीव्हीसाठी लिहिलेली बातमी त्याच वेळी संकेतस्थळावर आणि यूट्यूबवरही द्यायची असते. अशा डेस्कवरच्या वरिष्ठाला शिकवण्याची इच्छा असली, तरी सवड नसते. म्हणून ते काम आता शिक्षणसंस्थांवर येऊन पडले आहे.

हे तपासणे म्हणजे नेमके काय, ते एका उदाहरणाने सांगते. एका विद्यार्थ्याने लासलगावच्या बाजार समितीतील कांदा लिलावावर दीड मिनिटाचे पॅकेज, म्हणजे दृश्ये, निवेदन आणि मुलाखतीचे तुकडे जोडून तयार केलेली बातमी, केले होते. दृश्ये चांगली होती. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगा, एका ट्रॉलीकडून दुसरीकडे सरकणारा व्यापाऱ्यांचा घोळका, मूठभर कांदे हातात घेऊन पारखणारा व्यापारी, आणि भाव पुकारला जात असताना ट्रॉलीवर उभा असलेला शेतकरी. व्हीओची, म्हणजे दृश्यांवर वाचल्या जाणाऱ्या निवेदनाची, सुरुवात मात्र अशी होती: ‘सर्वसामान्यांच्या डोळ्यांत पाणी आणणाऱ्या कांद्याने यंदा बळीराजाच्याच डोळ्यांत पाणी आणले आहे.’ पुढचे वाक्य होते, ‘बाजार समितीत ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या आहेत.’ पहिले वाक्य प्रेक्षकाने याआधी असंख्य वेळा ऐकलेले आहे आणि दुसरे त्याला पडद्यावर दिसतेच आहे. लिलावाचा मूळ आवाज पूर्ण काढून त्या जागी करुण संगीत टाकले होते. शेतकऱ्याचा बाईट (कॅमेऱ्यासमोरचे त्याचे बोलणे) चाळीस सेकंदांचा होता आणि त्यातली निम्मी वाक्ये सरकारविषयीची सर्वसाधारण तक्रार होती.

दीड मिनिटाच्या पॅकेजमध्ये बाईट आणि नैसर्गिक आवाज वगळले, तर व्हीओसाठी जेमतेम शंभर-सव्वाशे शब्द उरतात. त्यातले दहा-अकरा शब्द डोळ्यांतल्या पाण्यावर खर्च करणे परवडत नाही. विद्यार्थ्याच्या वहीत क्विंटलचा मिळालेला भाव होता, काढणीची मजुरी होती, ट्रॉलीचे भाडे होते. स्क्रिप्टमध्ये यातले काहीच नव्हते. आम्ही पॅकेजची सुरुवात भाव पुकारण्याच्या खऱ्या आवाजाने केली, त्यावर शेतकऱ्याचा चेहरा तसाच ठेवला आणि व्हीओत पहिल्याच वाक्यात भाव आणि खर्च शेजारी-शेजारी मांडले. बाईटमधले एकच उत्तर राहिले. मजुरी आणि भाडे दिल्यावर हातात काय उरते, ते सांगणारे. तरीही पॅकेज पूर्ण होईना, कारण भाव का पडला, हे विचारायला तो एकाही व्यापाऱ्याकडे किंवा बाजार समितीच्या पदाधिकाऱ्याकडे गेलाच नव्हता. शिवाय कटअवेचे, म्हणजे बोलणाऱ्यावरून नजर हटवून मध्ये घालायचे, शॉट कमी असल्यामुळे बाईट कापला की चित्र झटका देत होते. तो पुन्हा लासलगावला गेला, व्यापाऱ्याची बाजू घेऊन आला, आवक आणि मागणीचे आकडे समितीकडून आणले, आणि येताना हातांचे, वजनकाट्याचे, पावतीचे शॉटही घेऊन आला. वाहिनीत हे पॅकेज पहिल्या रूपातच प्रसारित झाले असते. त्यात कुणाचा आळस नसतो. सहाचे बुलेटिन थांबत नाही, एवढेच त्याचे कारण.

भाषेचे शिक्षण याच तपासणीतून होते. ‘माहिती दिली गेली आहे’, ‘मदत केली जाणार आहे’ अशी हिंदीच्या वळणाची वाक्ये वृत्तकक्षात इतकी रुळली आहेत, की ‘पोलिसांनी सांगितले’, ‘सरकार मदत देणार आहे’ हे साधे मराठी विद्यार्थ्यांना अपुरे वाटू लागते. कोणी केले हे वाक्यातून गाळले, की जबाबदारीही गळते. गावांच्या नावांचा उच्चार त्या जिल्ह्यातल्या माणसाला फोन करून विचारून घ्यावा, ही सवयही विद्यार्थिदशेतच लागायला हवी, कारण चुकीचा उच्चार ऐकल्यावर त्या गावाचा माणूस पुढची बातमी मनापासून ऐकत नाही.

कायदा आणि नीतिमूल्ये यांचा तास मात्र अनेक ठिकाणी परीक्षेपुरता उरकला जातो आणि याची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. नोव्हेंबर 2008 मध्ये मुंबईवर हल्ला झाला, तेव्हा ताज, ओबेरॉय आणि नरिमन हाउस इथल्या सुरक्षा दलांच्या हालचाली वाहिन्यांनी थेट दाखवल्या आणि सीमेपलीकडून हल्लेखोरांना फोनवर सूचना देणारे लोक तीच दृश्ये पाहत होते. कसाबच्या खटल्यात ऑगस्ट 2012 मध्ये दिलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या प्रक्षेपणावर अत्यंत कठोर शब्दांत ताशेरे ओढले. पुढे 2015 मध्ये केबल टेलिव्हिजन नियमांत बदल होऊन, दहशतवादविरोधी कारवाई सुरू असताना थेट प्रक्षेपणावर बंदी आली आणि नेमलेल्या अधिकाऱ्याने वेळोवेळी दिलेल्या माहितीपुरतेच वार्तांकन करावे, असे ठरले. नियम पाठ करायला दोन मिनिटे पुरतात. विद्यार्थ्याला त्या वेळच्या पीसीआरमध्ये (प्रक्षेपण नियंत्रण कक्षात) आहेस अशी कल्पना करायला लावून, प्रतिस्पर्धी वाहिनी हेलिकॉप्टरमधून उतरणारे कमांडो दाखवत असताना तू काय करशील, हे विचारायला अख्खी दुपार लागते, आणि ती दुपार अभ्यासक्रमात असायलाच हवी. 2007 मध्ये दिल्लीतील एका शिक्षिकेविरुद्ध बनावट स्टिंग (छुप्या कॅमेऱ्याने केलेले चित्रण) दाखवले गेले, जमावाने तिला मारहाण केली आणि आरोप खोटे ठरल्यावर केंद्र सरकारने त्या वाहिनीचे प्रक्षेपण महिनाभर बंद ठेवले. अत्याचारग्रस्त बालकाची ओळख उघड करण्यास पॉक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या, कायद्याच्या कलम 23 नुसार मनाई आहे. चेहरा धूसर केला, पण घराचे दार, शाळेचा गणवेश किंवा आईचा आवाज तसाच ठेवला, तरी ओळख उघड होतेच. हे एडिटिंगच्या संगणकासमोर बसून, एकेक फ्रेम दाखवूनच शिकवता येते.

आता संस्थांविषयी. पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेले रानडे इन्स्टिट्यूट, मराठी विद्यार्थ्यांना सर्वांत जवळचे आहे. दिल्लीतील भारतीय जनसंचार संस्था 1965 मध्ये स्थापन झाली. रेडिओ आणि टीव्ही पत्रकारितेचा तिचा पदविका अभ्यासक्रम सुपरिचित आहे, आणि तिच्या अमरावती केंद्रात मराठी पत्रकारिताही शिकवली जाते. चेन्नईच्या एशियन कॉलेज ऑफ जर्नलिझममध्ये टीव्ही ही स्वतंत्र शाखा निवडता येते. ज्यांचा ओढा बातमीपेक्षा कॅमेरा, ध्वनी किंवा संकलनाकडे आहे, त्यांनी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या टीव्ही विभागाचे एक वर्षाचे अभ्यासक्रम पाहावेत. हा विभाग 1974 मध्ये दिल्लीहून पुण्यात आला. काही माध्यमसमूहांच्या स्वतःच्या संस्थाही आहेत. तिथे यंत्रसामग्री उत्तम असते, पण शुल्क भरण्याआधी नोकरीच्या आश्वासनाचा तपशील लेखी मागावा.

नाव मोठे आहे म्हणून कुठेही प्रवेश घेऊ नये. शक्य असेल तर संस्थेत प्रत्यक्ष जावे आणि शिकत असलेल्या विद्यार्थ्यांनाच विचारावे. आठवड्यातून किती वेळा पूर्ण बुलेटिन निघते? कॅमेरे विद्यार्थ्यांना बाहेर नेता येतात, की ते फक्त पाहुण्यांना दाखवण्यासाठी कपाटात असतात? स्क्रिप्टवर लाल शाईने कोण लिहिते, आणि त्या व्यक्तीने शेवटची बातमी कधी केली होती? इंटर्नशिपमध्ये इनपुट (बातम्या मिळवणारा) आणि आउटपुट अशा दोन्ही डेस्कवर बसायला मिळते का? ब्रिटनमध्ये प्रसारण पत्रकारितेच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणारी एक परिषद आहे आणि ती विद्यार्थ्यांनी खऱ्या वेळापत्रकात केलेले बातमीचे दिवस आणि वृत्तकक्षातला अनुभव यांना महत्त्व देते. आपल्याकडे ही तपासणी विद्यार्थ्याला स्वतःच करावी लागते, आणि ती करताना संकोच बाळगू नये.

या सगळ्यात जिल्ह्यांतील स्ट्रिंगर, म्हणजे पगारी नोकरीत नसलेले स्थानिक बातमीदार, कुठेच बसत नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते. गडचिरोली, नंदुरबार, हिंगोली इथून येणारी कितीतरी दृश्ये त्यांनीच टिपलेली असतात, मोबाइलवर, अनेकदा स्वतःच्या पेट्रोलच्या खर्चाने. एक-दोन वर्षे पुण्यात किंवा दिल्लीत राहून शिकणे त्यांना शक्य नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत पत्रकारिता विभागांचे स्टुडिओ आणि संकलन कक्ष रिकामे असतात. त्या दिवसांत आठ-दहा दिवसांचे निवासी वर्ग घ्यावेत. त्यात आवाज नीट कसा टिपावा, पीडिताची ओळख कशी जपावी, दुसरी बाजू कशी मिळवावी आणि वाळू माफियासारख्या बातमीत स्वतःची सुरक्षा कशी पाहावी, एवढे तरी शिकवावे, आणि वाहिन्यांनी आपापल्या स्ट्रिंगरचा प्रवासखर्च उचलावा. शिकवायला मी येईन, आणि डेस्कवरचे माझे अनेक जुने सहकारीही येतील.