सर्टिफिकेट येईल तेव्हा येईल, थेरपी आधी सुरू करा

मूल दोन वर्षांचं होऊन गेलं आणि दोन शब्द जोडून बोलत नाहीये म्हटलं की घरात हमखास कुणीतरी म्हणतंच, अगं याचा बापपण उशिराच बोलला होता. बोलला असेल, पण कानाची तपासणी करायला काय हरकत आहे? बेरा टेस्ट, म्हणजे आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी तपासणी, आधी करून घ्या. टीव्ही लागला की पळत येतो म्हणजे ऐकू येतं असं आपण धरून चालतो, पण काही ठरावीक आवाज ऐकू येतात आणि बोलणं नीट पोचत नाही असंही असू शकतं.

आमच्याकडे लेकीच्या थेरपीला आता बरेच दिवस झालेत, त्यामुळे ओळखीतल्या ओळखीतून आयांचे फोन येतात आणि बहुतेकींचा पहिला प्रश्न एकच, दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट कसं काढायचं? मी म्हणते ते काढूच, पण थेरपी सुरू केली का? तर नाही, आधी कागद मिळू दे मग बघू. इथेच सगळी गडबड होते. थेरपी मिळणं आणि पैसे मिळणं हे दोन वेगळे रस्ते आहेत. पैशाच्या रस्त्यावर कागद लागतो. थेरपीच्या रस्त्यावर लागत नाही, आणि पहिली पाच-सहा वर्षंच सगळ्यात महत्त्वाची.

अंगणवाडीत वर्षातून दोनदा डॉक्टरांची टीम येते ना, ती राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची, २०१३ पासून चालू आहे. जन्मतः व्यंग, आजार, कमतरता आणि विकासातला उशीर अशा चार गोष्टी बघतात. त्यांना काही वाटलं तर जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीला पाठवतात, म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र. फिजिओ, स्पीच, सायकॉलॉजिस्ट, स्पेशल एज्युकेटर सगळे एकाच जागी असावेत अशी ती कल्पना, आणि सगळं मोफत. मूल अंगणवाडीत जात नसेल तर स्वतःहून गेलात तरी चालतं. आता खरं सांगायचं तर सगळीकडे सगळी पदं भरलेली नसतात, कुठे स्पीचवालेच नसतात, कुठे पुढची तारीख लांबची मिळते. पण जेवढं मिळतंय तेवढं घ्या आणि प्रत्येक वेळी घरी काय करून घ्यायचं ते लिहून आणा, कारण आठवड्यातला तो एक तास पुरत नाही, बाकीचा आठवडा मूल आपल्याकडेच असतं. मुंबईवाल्यांना ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठी बांद्र्याची अली यावर जंग संस्था आणि पुनर्वसनासाठी हाजी अलीचं एआयआयपीएमआर हे सरकारी पर्याय पण आहेत.

आता कागद. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा, फी नाही, मग हॉस्पिटलमध्ये तपासणी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व आहे आणि बहुतेक सवलती ४० टक्के दिव्यांगत्वापासून पुढे. एवढ्या लहान मुलांना बहुधा तात्पुरतंच सर्टिफिकेट देतात, पुढे परत तपासणी होते, म्हणून आजी-आजोबांची ती भीती की लेकराला जन्माचा शिक्का बसेल, ती मला तरी पटत नाही. आणि कार्ड तुमच्या कपाटात राहणार आहे, कुणाला दाखवायचं ते तुम्हीच ठरवणार.

त्या कागदावर काय मिळतं? ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व किंवा बहुदिव्यांगत्व असेल तर केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टचा निरामय आरोग्य विमा, वर्षाला १ लाखापर्यंत, आधी मेडिकल टेस्ट नाही, आणि ओपीडी थेरपी पण त्यात बसते, जी आपल्या नेहमीच्या मेडिक्लेममध्ये सहसा बसतच नाही. प्रत्येक गोष्टीला आतली मर्यादा आहे हं, सगळा लाख थेरपीवर नाही मिळत. नुसता ऐकण्याचा किंवा बोलण्याचा प्रश्न असेल तर निरामय नाही. पैसे आधी आपण भरायचे मग क्लेम, म्हणून पावत्या पहिल्या दिवसापासून जपा आणि पावतीवर थेरपिस्टचा आरसीआय नंबर (भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक) मागून घ्या, नंतर मागायला गेलं की सगळ्यांना कंटाळा येतो.

नोकरदार असाल तर ८०डीडी म्हणून ओळखली जाणारी आयकरातली सवलत माहीत असू दे, ७५ हजारांची वजावट, दिव्यांगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर सव्वा लाख, प्रत्यक्ष खर्च किती झाला याच्याशी संबंध नाही, पण जुन्या कररचनेतच. ऑफिसमधल्या एचआरला बऱ्याचदा हे माहीतच नसतं.

आणि एक, जे फार कमी जण विचारतात. महाराष्ट्रात महापालिका, नगरपालिका, ग्रामपंचायत सगळ्यांनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. कुठे थेट खात्यात मदत देतात, कुठे साहित्य देतात, कुठे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. समाजकल्याणच्या टेबलावर जाऊन यंदाचा फॉर्म कधी निघणार एवढंच विचारा, आणि तोंडी उत्तर मिळालं तर अर्ज लिहून द्या आणि पोच घ्या.