चिठ्ठी कोणाची

२७ मे, रात्री साडेअकरा

कूलर बंद करून लिहायला बसले आहे. घाम निथळतोय, पण कागद तरी जागचे हलत नाहीत.

दोन दिवस खपून हॉलभर सात ढीग मांडले होते. एम्प्रेस मिलवरच्या माझ्या पुस्तकाची सात प्रकरणं, सात ढीग. बारा वर्षांच्या चिठ्ठ्या, झेरॉक्सच्या पाठकोऱ्या कागदांचे चार-चार तुकडे करून लिहिलेल्या. दुपारी आईंनी मला उकडत असेल म्हणून कूलर लावला, एकदम तीनवर. त्यांचं तरी काय चुकलं? नवतपा लागलाय, अख्खी गल्ली दारं लावून पडलीय आणि घरातली सून फरशीवर मांडी ठोकून घाम पुसत बसलेली. मी तेव्हा नेमकी पाणी प्यायला आत गेले होते. परत येऊन बघते तर १८८६ दिवाणाखाली आणि १९८६ देवघरात.

१८८६ म्हणजे एम्प्रेस मिलमध्ये, नागपूरच्या टाटांच्या कापडगिरणीत, पेन्शन फंड सुरू झाला ते साल. १९८६ म्हणजे मिल सरकारी महामंडळाकडे गेली ते. बरोबर शंभर वर्षं. बारा वर्षांत हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, दोन्ही चिठ्ठ्या एकदम हातात आल्या तेव्हा आलं. कूलरचा तेवढाच उपकार.

चिठ्ठ्या उडाल्याचं मी संध्याकाळपर्यंत विसरलेही असते. पण गोळा करताना दाराच्या फटीत एक अडकलेली मिळाली. तिच्यावर दोनच ओळी:

‘भोंगा होता तेव्हा घरात घड्याळ नव्हतं. आता भिंतीवर दोन आहेत, पण निघायचं कुठे?’

अक्षर माझंच. उजवीकडचा वरचा कोपरा मात्र कोरा.

त्या कोपऱ्यात मी काही ना काही लिहितेच. वर्तमानपत्र असेल तर तारीख, गॅझेटिअर असेल तर ‘गॅ.’ आणि पान, माणूस असेल तर ‘मु.’, म्हणजे मुलाखत, आणि त्याचा आकडा. मु. १ ते मु. ३१. यातले किती आज आहेत ते मोजायचं धाडस होत नाही. शिवाय नियम असा की दुसऱ्याचं ते निळ्या पेनानं आणि माझं स्वतःचं काही सुचलं तर पेन्सिलीनं. ही चिठ्ठी काळ्या पेनानं लिहिलेली आहे. म्हणजे नियम ठरायच्या आधीची, पहिल्या वर्षातली, जेव्हा मला वाटायचं की सगळं डोक्यात राहतं.

आणि हेच वाक्य पहिल्या प्रकरणाची पहिली ओळ आहे. पुण्याला पाठवलेल्या आराखड्यात ते अवतरणचिन्हांत घातलंय, पुढे ‘एक जुना कामगार सांगतो’. संपादकांनी त्याच्यासमोर बरोबरची ही एवढी मोठी खूण केली होती. त्या खुणेवर मी चार महिने जगले.

कोण कामगार?

तीनपासून सातपर्यंत वह्या उलटल्या. एकतीसपैकी एकोणीस जणांची रेकॉर्डिंग आहेत, बाकीच्यांच्या नुसत्या वह्या. भोंगा सगळ्यांच्याच बोलण्यात आहे. मु. ४ भोंग्यावर चहा टाकायच्या. मु. १७ च्या पोराची जन्मवेळ दुसऱ्या भोंग्याची. घड्याळही दोघा-तिघांकडे आहे. पण भोंगा, घड्याळ आणि निघायचं कुठे, हे तिन्ही एका ठिकाणी कोणाकडेच नाही.

मग वाटायला लागलं, इतकं गोळीबंद वाक्य माणूस सहज बोलत नाही. हे लिहिणाऱ्याचं वाक्य आहे, म्हणजे माझंच. रात्री कधी तरी सुचलं असेल, खरडून ठेवलं असेल, आणि पुढे मीच ते बिनदिक्कत एका म्हाताऱ्याच्या तोंडी घातलं. पण लगेच मु. ९ आठवले. ते मिल बंद पडल्याचं सांगताना म्हणाले होते, “मिल गेली नाही बाई, आमीच गेलो. मिल तं तिथंच उभी होती.” हे रेकॉर्डिंगमध्ये आहे, शब्द न् शब्द. म्हणजे माणसं बोलतात असं. मग मी कोण ठरवणारी, की चांगलं वाक्य म्हणजे माझंच असणार?

खरी गोम पुढेच आहे. चिठ्ठीवरची भाषा बघून तरी कळायला हवं होतं. माझ्या माणसांपैकी एकही ‘नव्हतं’ आणि ‘निघायचं कुठे’ असं बोलत नाही. ते ‘नोतं’ म्हणतात, ‘जाचं कुठी’ म्हणतात. त्या पहिल्या वह्या उघडून वाचल्या तर सगळेच्या सगळे शाळामास्तर! मिलच्या धोटेखात्यातला कामगार ‘त्यावेळी आम्हाला फार आनंद होत असे’ असं बोलतोय. मी त्यांचं बोलणं धुऊन, इस्त्री करून लिहीत होते. कोणी सांगितलं नव्हतं तसं करायला. मी स्वतः घरात त्यांच्यासारखंच बोलते, फोनवर ताईशी तसंच बोलते, पण पेन हातात आलं की मास्तरीण अंगात येते. त्यामुळे आता माझं वाक्य आणि त्यांचं वाक्य वेगळं काढायची सोयच उरलेली नाही. दोघांच्याही अंगावर एकच गणवेश.

हे असते तर हसले असते. असो.

संध्याकाळी गच्चीवर पाणी मारताना स्वतःची फार कीव आली. बारा वर्षांत लोकांनी घरं बांधली, विकली, नातवंडांच्या मुंजी केल्या. ताई म्हणते, तुझं पुस्तक म्हणजे नाग नदीची सफाई, दर वर्षी सुरू होते. ज्ञानकोशकार केतकरांनी त्यांचा तो अवाढव्य उद्योग याच नागपुरात मांडला आणि तेवीस खंड पुरे केले. मला सात ढीग आवरत नाहीत. अर्थात त्यांच्याकडे कूलर नव्हता.

या विचारानं एकटीच हसले आणि खाली येऊन पुन्हा बसले. आधी तलावाचा घोळ निस्तरला. मिलसाठी जमशेटजी टाटांनी घेतली ती दलदलीची जागा जुम्मा तलावाजवळची. जुम्मा म्हणजे शुक्रवारी, शुक्रवारी म्हणजे आजचा गांधीसागर. इंग्रजी कागदांत पहिलं नाव, म्हाताऱ्यांच्या तोंडी दुसरं, कात्रणांत तिसरं. गेली कित्येक वर्षं मी एकाच पाण्याच्या चिठ्ठ्या तीन ढिगांत ठेवत आले. तिन्ही एकत्र केल्यावर पहिलं प्रकरण एकदम अंगानं भरलं. त्या मारवाडी सावकाराची गोष्टही तिथेच लागली, ज्यानं हा माणूस जमिनीत सोनं पुरतोय म्हणत भांडवल द्यायला नकार दिला होता. नंतर म्हणे त्यानं कबूल केलं की टाटांनी जमिनीत माती घातली आणि सोनं काढलं. आता याचं तरी मूळ वाक्य कोणत्या भाषेतलं, कोणी ऐकलं, कोणी धुतलं? शंभर वर्षं सगळे ते अवतरणचिन्हांत छापताहेत.

बरं वाटलं. वाटायला नको होतं, पण वाटलं.

१८७७ च्या १ जानेवारीचं काम सोपं होतं. मिल त्याच दिवशी सुरू झाली, व्हिक्टोरिया राणी त्याच दिवशी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाली, म्हणून नाव एम्प्रेस. कोपरे भरलेले, तीन-तीन पुरावे. १८९५ ची अपघात भरपाईची चिठ्ठी मात्र ‘मालक’मध्ये टाकायची की ‘माणसं’मध्ये, यावर अर्धा तास गेला. भरपाई देणारा एका ढिगात, बोट गेलेला दुसऱ्यात. शेवटी तीच चिठ्ठी दोनदा लिहिली. २००२ ची, मिल कायमची बंद झाली ती, कुठे टाकायची हे विचारावंच लागत नाही.

जेवताना आईंना ते वाक्य वाचून दाखवलं. मनात होतं, त्या म्हणतील, अगं हे तर मीच तुला सांगितलेलं. मामंजी सत्तावीस वर्षं मिलमध्ये होते, आणि आईंची मुलाखत मी कधीच घेतलेली नाही. घरचीच म्हणून राहून गेली.

त्यांनी पोळीचा तुकडा खाली ठेवला. “मी कायले असं म्हणू? आपल्या घरी घड्याळ होतं ना. लग्नातच भेटलं होतं.” मग थोड्या वेळानं, “चालत नोतं म्हणा.”

मी ताटावरून उठून वही आणली. काय करून राह्यली म्हणाल्या. म्हटलं, काही नाही, तुम्ही बोला. पुढे काहीच बोलल्या नाहीत, भाजीत मीठ कमी आहे एवढंच. तेही लिहून घेतलं, जसंच्या तसं. कोपऱ्यात मु. ३२.

काळ्या पेनाच्या चिठ्ठीचा कोपरा अजून कोराच आहे. पहिल्या प्रकरणातून ती काढली. आता सकाळी पुण्याला फोन करून सांगावं लागेल, म्हणजे ती बरोबरची खूणही गेली. तिच्यासाठी आठवा ढीग केलाय, एकाच चिठ्ठीचा. त्यावर काय ठेवावं ते सापडेना, तेव्हा आईंनी आतून वरवंटा आणून दिला. वर बजावलं की उद्या सकाळी चटणी वाटायची आहे, तोवर काय ते उरकून घे.