आईची फाईल आणि माझं ताट

आई पक्षाघाताने गेली. त्याआधी कित्येक वर्षं तिला रक्तदाब होता, मग साखरही आली. हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पण तिच्या रिपोर्टांची फाईल तारखेप्रमाणे लावून मी वाचली ती ती गेल्यावरच. सुटा एकेक कागद पाहिला तर घाबरावं असं त्यात काही नाही. ओळीने वाचत गेलं की आकडा कसा सावकाश चढत गेला ते दिसतं. एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची एक तपासणी, आधी ५.९, मग ६.३. त्या कागदाच्या कडेला आईच्या अक्षरात ‘जरा वाढलंय’ एवढंच. पुढे ६.८, आणि तिथून गोळ्या सुरू.

५.९ च्या वेळी तिचं जे वय होतं, साधारण तेच आज माझं आहे. मीही तपासून घेतलं. ६.१. रक्तदाब १३८/८८.

लाल रक्तपेशींतल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली आहे, ते एचबीएवनसी सांगते. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, त्यामुळे हा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांचा असतो. आदल्या रात्री जेवण टाळून तो खाली येत नाही. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या अलीकडचा टप्पा, ६.५ पासून पुढे मधुमेह. याच अलीकडच्या टप्प्यातल्या तीन हजारांहून अधिक लोकांवर अमेरिकेत एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००२ साली आले. एका गटापुढे उद्दिष्ट होतं वजन ७ टक्क्यांनी उतरवायचं आणि आठवड्याला निदान १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम करायचा. औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी मिळालेल्या गटाच्या तुलनेत त्या लोकांत मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी राहिलं. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या औषधाच्या गोळ्या घेणाऱ्यांत ते ३१ टक्क्यांनी कमी झालं. हे वाचल्यावर मी बराच वेळ फाईल मांडीवर घेऊन बसून होते. आईलाही हा टप्पा मिळाला होता. पण तो टप्पा आहे, त्यात काही करता येतं, हे तिला कुणी बसवून नीट समजावलं असेल असं मला वाटत नाही.

तेव्हा ताट बदलायचं ठरलं. आणि ज्याची कल्पना नव्हती ते इथे सुरू झालं. आम्ही सगळे आईच्या हाताचं खाऊन वाढलो. मीठ कमी केलं, गोड बंद केलं, की जणू तिच्या स्वयंपाकाला दोष दिल्यासारखं होत होतं. धाकटा भाऊ एकदा जेवताना म्हणालाच, “ताई, आईच्या पद्धतीचं आता घरात काहीच करायचं नाही का?” मला उत्तर सुचेना. तो चिडून बोलला नव्हता, त्याला ती चव हवी होती. मलाही हवी आहे. तिने आम्हाला प्रेमाने आणि तिला जे ठाऊक होतं त्यानुसार खाऊ घातलं. मला आज जे कळलं आहे ते वापरलं तर तिचा अपमान होत नाही, हे स्वतःला पुनःपुन्हा सांगावं लागतं. काही पदार्थ तिच्याच प्रमाणाने करायचे, पण क्वचित आणि सगळे एकत्र असताना, असं आता ठरवलं आहे.

मिठाचं सांगते. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी अशी आहे, म्हणजे चहाचा एक सपाट चमचाही पूर्ण नाही. त्यात पाकिटातलं, बाटलीतलं, बेकरीतलं असं सगळं मीठ धरायचं. मी ते हळूहळू उतरवलं. सुरुवातीचे काही आठवडे सगळंच अळणी लागलं, मग जीभ सरावली. लिंबू आणि ताजी मिरी यांचा फार उपयोग झाला. नुसतं कमी करण्यावर मात्र थांबू नये. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या, आहार आणि रक्तदाबावरच्या ‘डॅश’ नावाच्या चाचणीत लोकांचं मीठ आणि वजन मुद्दाम स्थिर ठेवलं होतं. फळं, भाज्या आणि कमी स्निग्धांशाचं दूध-दही वाढवलं, एकूण स्निग्ध पदार्थ कमी केले, आणि एवढ्यावर दोन आठवड्यांत रक्तदाब उतरला. म्हणून माझ्या ताटात आधी भाजी वाढली जाते, मग डाळ किंवा अंडं, आणि धान्य शेवटी. याच क्रमाने खाल्लं तर जेवणानंतरची साखर कमी उसळते. जेवून लगेच बसत नाही, थोडं चालते. चालताना स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात.

सगळ्यात अवघड आहे ते बाबांचं. आई गेल्यापासून त्यांची भूक मेली आहे, वजन उतरलं आहे. माझ्या उत्साहात त्यांनाही माझंच जेवण वाढायचं माझ्या मनात होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं: या वयात, या दुःखात, त्यांनी खाणं महत्त्वाचं, प्रथिनं पोटात जाऊ देत, चवीला आवडेल ते द्या. त्यामुळे आता एकाच भांड्यातून दोन ताटं निघतात. शिजताना मीठ कमी घालते, माझं काढून घेते, मग त्यांच्यासाठी वरून घालते. कमी सोडियमचं मीठ मिळतं, पण त्यात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी किंवा रक्तदाबाची काही ठरावीक औषधं घेणाऱ्यांनी ते विचारल्याशिवाय वापरू नये. बाबांच्या गोळ्यांमुळे आम्ही ते घरात आणलंच नाही. “बाबा, तुम्ही दोन घास तरी जास्त खा,” असं मी रोज म्हणते आणि माझ्या ताटातलं धान्य कमी करते. एकाच टेबलावर हे दोन्ही चालतं.

परवा माझा नवा रिपोर्ट आला. ५.८. अजून त्याच टप्प्यात आहे, पण आईच्या फाईलमध्ये आकडा वर जात होता, माझ्या फाईलमध्ये तो खाली आला. भावाला तो कागद दाखवला. त्याने काही न बोलता स्वतःच्या तपासणीसाठी पुढच्या शनिवारची वेळ घेतली आहे. उपाशीपोटी जायचं आहे, म्हणून मी त्याच्याबरोबर जाणार आहे आणि जाताना दोघांचा नाश्ता बरोबर नेणार आहे.