जपानमध्ये व्हर्नियर-मायक्रोमीटर घेताना लागणारी जपानी

"जपानला चाललायस ना? मग येताना एक मिटुटोयो घेऊन ये." चाकण-भोसरीच्या टूलरूममधून ही फर्माईश हमखास येते. मिटुटोयो म्हणजे व्हर्नियर, मायक्रोमीटर अशी अचूक मोजमापाची उपकरणं बनवणारी जपानी कंपनी. फर्माईश पुरी करणं अवघड नाही, पण दुकानात चार गोष्टी विचारल्या नाहीत तर घरी आल्यावर डोक्याला ताप होतो.

पहिली गोष्ट एककांची. जपानच्या मापन कायद्यामुळे तिथल्या बाजारात विकले जाणारे डिजिटल व्हर्नियर सर्वसाधारणपणे फक्त मिलिमीटर दाखवतात. इंच-मिमी बदलण्याचं बटण असलेली मॉडेल्स निर्यातीसाठी असतात. अमेरिकन ड्रॉइंगवर काम करणाऱ्याला इंच हवेच असतील तर ते मॉडेल भारतातल्या डीलरकडून घेणंच बरं. (गंमत म्हणजे सुतारांच्या पारंपरिक 'शाकु' मापाच्या गुण्याला मात्र पळवाट आहे: त्यावर '१/३३ मीटर' असं छापलं की तो कायद्यात बसतो.)

दुकानात व्हर्नियरला 'कॅलिपर' म्हणू नका, गाड्यांच्या सामानाच्या दुकानात तर समोर ब्रेक कॅलिपर येईल. शब्द आहे 'नोगिसु'. मायक्रोमीटर म्हणजे 'माइकुरोमेता', डायल गेज म्हणजे 'दाइयारु गेजी', मल्टीमीटर म्हणजे 'तेसुता' आणि फीलर गेज म्हणजे 'सुकिमा गेजी'. मीटर टेपला 'कोम्बेक्कुसु' म्हणतात. मोठ्या होम सेंटरमध्ये 'सुमिमासेन, नोगिसु वा दोको देस का?' (माफ करा, व्हर्नियर कुठे आहेत?) एवढं पुरतं. मल्टीमीटरसाठी टोकियोत अकिहाबारा आणि ओसाकात निप्पोनबाशी. हिओकी, सानवा हे मल्टीमीटरचे जपानी ब्रँड तिथे सहज दिसतात.

व्हर्नियर काचेच्या कपाटात असेल तर 'मिसेते कुदासाइ' (दाखवा), आणि हातात घेण्याआधी 'सावात्तेमो ई देस का?' (हात लावू का?). परवानगी मिळाली की जबडे स्वच्छ कागदाने पुसा, मिटवून शून्य करा, पाच-सहा वेळा उघडझाप करा. दर वेळी ०.०० परत आलं पाहिजे. मग जबडे मिटवून दिव्याकडे धरा. फटीतून सलग किंवा तिरकी प्रकाशरेषा दिसली तर तो पीस ठेवून द्या. मायक्रोमीटरमध्ये रॅचेट (टोकाची टिकटिकणारी छोटी मूठ) दोन-तीनदा टिकटिकवूनच वाचन घ्या. नुसतं थिंबल (आकडे असलेली फिरती नळी) आवळलं तर दाब हाताच्या जोरावर ठरतो आणि शून्य दर वेळी वेगळं येतं. कूलंट उडणाऱ्या सीएनसीवर वापरायचा असेल तर साधा डिजिटल नको, आयपी६७ (धूळ-पाणी आत न जाण्याचा दर्जा) लिहिलेलाच मागा.

आता कागद. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, कारण कागद दोन असतात. 'केन्सा सेइसेकिशो' म्हणजे कारखान्याचा तपासणी अहवाल. 'कोसेइ शोमेइशो' म्हणजे कॅलिब्रेशन सर्टिफिकेट, म्हणजे उपकरण प्रमाणित मापाशी ताडून पाहिल्याचा दाखला. ऑडिटरला दुसरा लागतो, आणि तो बहुधा डब्यात नसतो. वेगळे पैसे भरून मागवावा लागतो. म्हणून आधीच विचारा: 'कोसेइ शोमेइशो वा त्सुइते इमास का?' (सोबत येतं का?) आणि 'नान-निची काकारिमास का?' (किती दिवस लागतील?). मुक्काम आठवड्याचाच असेल तर हा विचार सोडून द्या, पुण्यात एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी भारतातली संस्था) मान्यतेच्या प्रयोगशाळेतून कॅलिब्रेट करून घ्या. सर्टिफिकेट घेतलंच तर त्यावर जेसीएसएसचं (कॅलिब्रेशन प्रयोगशाळांच्या मान्यतेची जपानी व्यवस्था) चिन्ह आहे का ते पाहा. जेसीएसएस आणि एनएबीएल दोन्ही आंतरराष्ट्रीय परस्पर मान्यता करारात आहेत. सर्टिफिकेटवरचा 'सेइझो बांगो' (सीरियल नंबर) उपकरणावरच्या नंबराशी काउंटरवरच ताडून घ्या.

किंमत ऐकताना आपली हजार-लाखाची सवय आड येते. जपानी मोजणी दहा हजारांवर चालते: 'इचिमान' म्हणजे १०,०००, 'निमान गोसेन एन' म्हणजे २५,००० येन. पाटीवर दोन आकडे असतील तर 'झेइनुकी' कराविना, 'झेइकोमी' १० टक्के करासह. पर्यटक किंवा अल्पमुदतीच्या व्हिसावर असाल तर 'मेन्झेइ देकिमास का?' (करमाफी मिळेल का?) विचारा. पासपोर्ट सोबत हवा, आणि कराआधीची खरेदी किमान ५,००० येनची. तिथे नोकरी करणाऱ्यांना ही सवलत नाही. १ नोव्हेंबर २०२६ पासून पद्धत बदलते: दुकानात करासह पूर्ण पैसे भरायचे आणि ९० दिवसांत देश सोडताना विमानतळावर कस्टमची नोंद झाल्यावर परतावा. म्हणजे व्हर्नियर बॅगेत घालून चेक-इन करण्याआधी कस्टमचं काउंटर गाठायचं. टोकदार जबड्यांचा व्हर्नियर केबिन बॅगेत नेऊच नका.

जुन्या मालात 'चुको' म्हणजे वापरलेलं, 'दोसा काकुनिन-झुमी' म्हणजे चालतं हे तपासलेलं. 'जान्कु' लिहिलेलं परत घेत नाहीत. त्या टोपलीतला मायक्रोमीटर सुट्या भागांसाठी ठीक, मोजायला नाही.

डिजिटल व्हर्नियरला सेल एसआर४४ घ्या. दिसायला तसाच असलेला एलआर४४ अल्कलाइन आहे. त्याचा व्होल्टेज वापरात हळूहळू उतरत जातो आणि डिस्प्ले लवकर कुरकुरायला लागतो.

मेनवर चालणारी टेबलावरची उपकरणं, जसं की पॉवर सप्लाय किंवा जुना ऑसिलोस्कोप, शक्यतो टाळा. जपानमध्ये १०० व्होल्ट आहेत. मागच्या प्लेटवर १००–२४० असं नसेल तर आपल्या २३० ला लावताच आतला ट्रान्सफॉर्मर किंवा फ्यूज उडेल. विचारायचं असेल तर 'निहयाकु सान्जू बोरुतो दे त्सुकाएमास का?' (२३० व्होल्टवर चालेल का?) आणि उत्तरात मान डावी-उजवीकडे हलली की दुसऱ्या कपाटाकडे वळा.